धाकटीचं जेवण मोफत, थोरल्याच्या खात्यावर बाकी: व्होकेशनल स्कूलच्या लंच अकाउंटचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही न्यू जर्सीत राहता. आठवीपर्यंत मुलगा गावच्या शाळेत होता, तिथे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मोफत मिळायचं, त्यासाठी कधी फॉर्मही भरावा लागला नाही. धाकटीचं अजूनही तसंच चालू आहे. मुलगा यंदा नववीला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, व्होकेशनल स्कूलमध्ये ऑटोमोटिव्ह शिकायला गेला आणि ऑक्टोबर संपताना ईमेल आला की त्याच्या मील अकाउंटवर ९३ डॉलर उणे आहेत. मुलगा म्हणतो, मी तर फक्त पिझ्झा घेतो, कधी घरचा डबा असेल तर नुसतं दूध. घरचं उत्पन्न आहे तेवढंच आहे. मग हे पैसे कसले, आता फॉर्म भरायचा का, भरला तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी अडचण येईल का, आणि आधीची बाकी माफ होईल का?

मी अशाच एका काउंटी व्होकेशनल डिस्ट्रिक्टच्या (डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारं मंडळ) फूड सर्व्हिस ऑफिसात बरीच वर्षं काम करते. फॉर्म तपासणं आणि कॅफेटेरियाच्या कॅश रजिस्टरचा हिशोब जुळवणं हेच माझं रोजचं काम. तुमच्यासारखा ईमेल दर ऑक्टोबरात आमच्याकडूनही ढिगाने जातो, आणि मिळाल्यावर पालक जे विचारतात ते जवळपास शब्दशः तुम्ही लिहिलं आहे.

तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय काहीच कळणार नाही. एक, मुलाला सवलत लागूच झालेली नाही. दोन, सवलत असती तरी त्यातलं काही बिल आलंच असतं.

पहिलीपासून सुरू करू. धाकटीचं जेवण मोफत आहे ते तुमच्या उत्पन्नामुळे नव्हे, तिच्या शाळेमुळे. फॉर्मशिवाय सगळ्या मुलांना जेवण मिळतं म्हणजे ती शाळा बहुधा कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजनमध्ये, आमच्या भाषेत सीईपीमध्ये, असणार. फूड स्टॅम्पसारख्या (किराण्यासाठी सरकारी मदतीच्या) योजनांत असलेल्या कुटुंबांची मुलं, फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली), बेघर अशी जी मुलं कुठलाही उत्पन्नाचा फॉर्म न भरता आपोआप पात्र ठरतात, त्यांचं प्रमाण शाळेत किंवा डिस्ट्रिक्टमध्ये किमान २५ टक्के असेल तर त्या शाळेला सीईपी घेता येते. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत ही अट ४० टक्के होती. मग त्या शाळेतल्या डॉक्टरच्या मुलालाही जेवण मोफत. सरकार त्या प्रमाणाला १.६ ने गुणतं आणि तेवढ्या टक्के ताटांचे पैसे मोफतच्या पूर्ण दराने देतं, उरलेल्या ताटांना अगदी किरकोळ दर मिळतो. प्रमाण ४० टक्के असेल तर ६४ टक्के ताटं पूर्ण दराने. बाकी खड्डा डिस्ट्रिक्टने भरायचा. म्हणून २५ टक्क्यांची अट जेमतेम पुरी करणाऱ्या शाळा पात्र असूनही सीईपी घेत नाहीत, परवडत नाही.

आता व्होकेशनल स्कूल. न्यू जर्सीत २१ काउंट्या आणि प्रत्येक काउंटीचं स्वतःचं व्होकेशनल डिस्ट्रिक्ट आहे. बहुतेक पालकांना वाटतं मुलगा गावच्या डिस्ट्रिक्टमधलाच आहे, फक्त इमारत बदलली. कागदावर तसं नाही. बोर्ड वेगळं, कॅफेटेरिया वेगळा, कॉम्प्युटर सिस्टीम वेगळी, जेवणाचा फॉर्मही वेगळा. काउंटीभरातून, श्रीमंत-गरीब सगळ्या गावांतून मुलं येतात, त्यामुळे आपोआप पात्र ठरणाऱ्यांचं प्रमाण खाली येतं आणि ही शाळा सीईपीत असेलच असं नाही. काही आहेत, काही नाहीत. तुमची नाही, हे ईमेलवरूनच दिसतं.

सीईपी नसलेल्या शाळांत गेल्या वर्षीची मंजुरी नव्या वर्षाचे पहिले ३० शालेय दिवस चालते, पण त्याच डिस्ट्रिक्टमध्ये. ऑक्टोबरच्या मध्याला ती संपते, नवा फॉर्म आलेला नसतो, आणि खाती एकदम उणे व्हायला लागतात. तुमचा मुलगा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधून आला, त्यात कुठली मंजुरीच नव्हती, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून त्याची नोंद पूर्ण पैसे भरणाऱ्यांत झाली. शाळेने स्वागताच्या पाकिटात फॉर्म दिला असणार. ते पाकीट कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा फॉर्म भरा, आजच भरा. ऑनलाइन भरता येत असेल तर उत्तम. शाळेला तो १० शालेय दिवसांत निकाली काढावा लागतो, आणि फॉर्म पोचल्याच्या तारखेपासून सवलत धरायची मुभा डिस्ट्रिक्टला असते. त्याच्या आधीची बाकी मात्र मागे जाऊन पुसता येत नाही. अपवाद एकच: तुम्ही फूड स्टॅम्पसारख्या योजनेत असाल आणि राज्याच्या यादीवरून मुलगा आपोआप पात्र ठरत असेल, तर तारखेचा हिशोब वेगळा होऊ शकतो. तसं असेल तर ऑफिसात ते आधी सांगा.

तुम्ही पात्र आहात का? तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून, हो. तुमच्या यजमानांना दर दोन आठवड्यांनी १,८५० डॉलर ग्रॉस आणि तुम्हाला आठवड्याला २८० मिळतात. इथे एक गफलत नेहमी होते. दर दोन आठवड्यांचा पगार म्हणजे वर्षात २६ चेक, महिन्यातून दोनदा मिळणारा पगार म्हणजे २४. फॉर्मवर या दोन्हींचे वेगळे चौकोन आहेत आणि लोक डोळे झाकून कुठल्यातरी एकावर खूण करतात. तुमचा हिशोब असा: १,८५० गुणिले २६ म्हणजे ४८,१००, आणि २८० गुणिले ५२ म्हणजे १४,५६०. एकूण ६२,६६०. आकडा कर कापण्याआधीचा लिहायचा, हातात पडतो तो नाही. नेहमीचा ओव्हरटाइम धरायचा. आणि गुणाकार तुम्ही करत बसू नका, चेकवरची रक्कम आणि तो किती दिवसांनी येतो एवढं लिहा, बाकी आम्ही करतो.

दुसरी गफलत माणसं मोजताना. तुम्ही चार लिहिलंय आणि खाली ओघात म्हणालात की सासूबाई सोबत राहतात. एका घरात राहून खर्च एकत्र चालत असेल तर त्या कुटुंबात धरल्या जातात, म्हणजे पाच. त्यांची भारतातली पेन्शन असेल तर तीही उत्पन्नात लिहायची. २०२५-२६ साठी फेडरल (केंद्र सरकारच्या) मर्यादा अशा आहेत: चार माणसांना मोफत जेवण ४१,७९५ डॉलरपर्यंत, सवलतीच्या दरात ५९,४७८ पर्यंत. न्यू जर्सीत सवलतीच्या गटातल्या मुलांचा हिस्सा राज्य भरतं, आणि २०२४-२५ पासून राज्याने मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत नेली आहे. चार माणसांसाठी ते होतात ७२,०१६. म्हणजे चार धरले तरी मुलाचं ताट मोफत, पाच धरले तरी मोफत. पाच धरल्यावर मात्र तुम्ही फेडरल गटातच बसता, कारण पाच माणसांची सवलतीच्या दराची, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांची, फेडरल मर्यादा ६९,६५३ आहे. त्याने काय फरक पडतो ते पुढे सांगते. हे आकडे दर जुलैत बदलतात, हे वाचताना कुणी पुढच्या वर्षी असेल तर नवा तक्ता बघा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोची इथेच आहे. पालकांना वाटतं सवलत मंजूर झाली की मुलाचं खातं मोफत झालं. मुलांना तर वाटतं खात्यावर सरकार पैसे टाकतं. तसं काहीच होत नाही. मोफत असतं ते पूर्ण ताट, दिवसाला एक नाश्ता आणि एक लंच. ताट पूर्ण नसेल किंवा ताटाबाहेरचं काही घेतलं तर त्याचे पैसे पडतात, आणि ते पैसे ज्यातून जातात ते अकाउंट. सीईपीच्या शाळेतही हेच.

पूर्ण ताट कशाला म्हणायचं याचा नियम पक्का आहे. हायस्कूलमध्ये लंचचे पाच घटक मांडावे लागतात: फळ, भाजी, धान्य, प्रथिनं (मांस किंवा त्याऐवजी चीज, बीन्स, अंडं, दही, टोफू वगैरे) आणि दूध. मुलाने पाचही घ्यायची सक्ती नाही. किमान तीन घ्यावे लागतात आणि त्यात फळ किंवा भाजी किमान अर्धा कप असलीच पाहिजे. तुमचा मुलगा पिझ्झा आणि पाण्याची बाटली घेऊन रजिस्टरवर येतो. पिझ्झ्यात धान्य आणि चीज, दोनच घटक. कॅशिअरने सांगितलं असणार, "एक सफरचंद घे." हा म्हणाला असणार, "नो थँक्स." मग तिला तो पिझ्झा सुट्टा विकलेला दाखवावा लागतो, सुट्ट्याच्या भावाने. सवलत असलेल्या मुलाच्या बाबतीत तर ते एक सफरचंद ट्रेवर असणं-नसणं म्हणजे शून्य आणि तीन-चार डॉलर यांतला फरक. ते खाल्लंच पाहिजे असंही नाही, बऱ्याच शाळांत न खाल्लेली फळं ठेवायला वेगळं टेबल असतं. वाया जातं म्हणून मला ते फारसं आवडत नाही, पण नियम तसा आहे.

डब्याचंही तेच. आपली मुलं पोळीभाजीचा डबा नेतात आणि नुसतं दूध किंवा ज्यूस उचलतात. एकटं दूध ताट होत नाही, त्याचे पैसे लागतात. त्याने दुधासोबत फळ आणि सॅलडचा कप घेतला तर तीन घटक झाले आणि कागदोपत्री ते पूर्ण लंच, मोफत. पोळी घरची, बाकी तिथलं. शाकाहारी मुलांना मी स्वतः हेच सुचवते. धार्मिक किंवा आवडीच्या कारणाने वेगळा पदार्थ देणं शाळेवर बंधनकारक नसतं. वैद्यकीय कारण कागदावर असेल तर असतं. पण बीन्स, चीज, दही रोजच्या मांडणीत कुठेतरी असतंच. कडक शाकाहारी असाल तर दह्यात जिलेटिन आहे का आणि बीन्स चरबीत शिजवलेत का, ते मॅनेजरला विचारा. लेबलं किचनमध्ये ठेवलेली असतात, दाखवायला कुणी नाही म्हणत नाही.

व्होकेशनल स्कूलमध्ये एक जादा भानगड असते. कलिनरीची (स्वयंपाक शिकणारी) मुलं बऱ्याच ठिकाणी स्वतःचं रेस्टॉरंट किंवा बेकरी चालवतात. तिथला मफिन छान असतो, पण तो जेवणाच्या योजनेत येत नाही. तिथे सवलतीचा प्रश्नच नाही.

म्हणून ९३ डॉलर भरायच्या आधी खात्याचा तपशील मागवा. ऑनलाइन पोर्टलवर रोजची नोंद तारीख-वेळेसकट दिसते. त्यात "लंच" किती आणि सुट्टे पदार्थ किती ते बघा. एकाच दिवशी दोन लंच दिसले तर विचारा, कारण योजनेत दिवसाला एकच लंच बसतं, दुसरं पूर्ण भावाने लागतं. मित्राने याचा पिन नंबर वापरल्याची प्रकरणं आमच्याकडे येतात. तशी शंका असेल तर पिन बदलून मिळतो. आणि सुट्टे पदार्थ नकोच असतील तर ते खात्यावर बंद करा, किंवा रोजची मर्यादा घाला, असं लेखी सांगता येतं. बहुतेक सिस्टीममध्ये ती सोय असते. नववीच्या मुलाला ते सगळ्यांसमोर कळू नये याची काळजी घ्या, आधी घरी बोला.

आता थकलेल्या बाकीचं काय? २०१७ च्या जुलैपासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला थकलेल्या जेवणाच्या पैशांबद्दल लेखी धोरण ठेवावं लागतं. ते मागून घ्या, कारण इथून पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे: किती उणे झाल्यावर काय होतं, हप्ते मिळतात का. मुलाला सगळ्यांसमोर वेगळं काढायची परवानगी मात्र कुणालाच नाही. माफीबद्दल सांगायचं तर फूड सर्व्हिसच्या खात्यातून बुडीत बाकी भरायला फेडरल नियमांत मनाई आहे. त्यामुळे ऑफिसमधली बाई मनात असूनही ती पुसू शकत नाही. डिस्ट्रिक्टच्या इतर बजेटमधून किंवा देणगीतून भरता येते. पालक संघटनेकडे असा छोटा निधी असेल तर विचारायला लाजू नका. नाहीतर हप्ते मागा, महिन्याला वीस डॉलर म्हटलं तर सहसा कुणी हुज्जत घालत नाही.

पैसे भरताना आणखी एक. ऑनलाइन प्रत्येक वेळी प्रोसेसिंग फी लागते. दर आठवड्याला दहा-दहा डॉलर टाकलेत तर फीच डोईजड होते. शाळेला फी न लागणारा एक तरी मार्ग ठेवावाच लागतो, चेक किंवा रोख. मोफत आणि सवलतीच्या गटातल्या कुटुंबांकडून अशी फी घेणं २०२७-२८ पासून बंद होणार आहे, पण तोवर चेक पाठवा.

आता तुमची खरी भीती. फॉर्मवर नागरिकत्व किंवा व्हिसा विचारत नाहीत. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात, नंबर नसेल तर "नाही" असा चौकोन आहे. तुम्हा सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. सरकारवर भार होणार का ही जी "पब्लिक चार्ज"ची कसोटी आहे ती मुख्यतः ग्रीन कार्ड किंवा व्हिसा देताना लावतात, नागरिकत्वाच्या अर्जाला ती नाही. एच-वन-बीवर असलेल्या आणि ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्या वाचकांसाठी: २०२२ च्या नियमात शाळेतलं जेवण धरत नाहीत, आणि २०१९ चा जो कडक नियम होता त्यानेही ते धरलं नव्हतं. हे नियम बदलायच्या हालचाली होत असतात, म्हणून तुमची फाइल सध्या चालू असेल तर वकिलाला एक ईमेल टाका. पण या भीतीने मुलाला उपाशी ठेवणारे पालक मी पाहते तेव्हा राग येतो, त्या पालकांवर नाही, असली अफवा पसरवणाऱ्यांवर.

मंजुरी मिळाली की ती वर्षभर टिकते, मध्ये पगार वाढला तरी कळवावं लागत नाही. फक्त नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एखादं पडताळणीचं पत्र येऊ शकतं. शाळांना दरवर्षी थोड्या फॉर्मची तपासणी करावी लागते आणि मर्यादेच्या अगदी जवळचं उत्पन्न असलेले फॉर्म त्यात आधी निवडतात. पत्र आलं म्हणजे संशय घेतला असं नाही. पे-स्टबच्या (पगाराच्या पावत्यांच्या) प्रती पाठवा, संपलं. उत्तरच दिलं नाही तर सवलत जाते, आणि दरवर्षी आमच्याकडे ती बहुतेकांची याच कारणाने जाते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: मुलगा तिथे पूर्ण दिवस आहे की अर्धा दिवस गावच्या हायस्कूलमध्ये आणि अर्धा इथे? अर्ध्या दिवसाचा असेल तर तो लंच नेमकं कुठे खातो ते विचारा आणि फॉर्म त्या डिस्ट्रिक्टला द्या. शंका असेल तर दोन्हीकडे द्या, काही बिघडत नाही. पुढे अकरावी-बारावीत तो गॅरेजमध्ये कामाला जायला लागला की त्या दिवशीचं लंच पॅक करून मिळतं का हेही आधीच विचारून ठेवा. न घेतलेल्या जेवणाचे पैसे कुणी देत नाही.

मघाशी पाच माणसं धरण्याबद्दल म्हणाले होते ते आता. फेडरल १८५ टक्क्यांच्या आत असलेल्या मुलांना उन्हाळ्यासाठी सन बक्स, म्हणजे किराण्यासाठी सरकारी पैसे, मिळतात, मुलामागे १२० डॉलर, २०२४ पासून. राज्याने वाढवलेल्या २२४ टक्क्यांच्या पट्ट्यात ते मिळत नाहीत. सासूबाईंना धरल्याने तुम्ही १८५ टक्क्यांच्या आतल्या गटात येता. धाकटीचं वेगळं विचारा, सीईपीच्या शाळेत तुमचं उत्पन्न कुणाला माहीतच नसतं, तिच्यासाठी वेगळा अर्ज लागू शकतो. शिवाय या मंजुरीवर कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची फी माफ होते आणि कॉलेजच्या अर्जांचीही बऱ्याच ठिकाणी होते. मात्र तुमची माहिती गोपनीय असल्याने ती समुपदेशकाकडे आपोआप जात नाही. फॉर्मसोबत माहिती द्यायच्या संमतीचा वेगळा कागद असतो, त्यावर सही करा.

आणि गावच्या शाळेतल्या मुलाच्या जुन्या अकाउंटवर काही शिल्लक होती का ते बघा. तिथेही तो चिप्स-ज्यूस घेत असणार, म्हणजे तुम्ही कधीतरी पैसे टाकले असणार. डिस्ट्रिक्ट बदललं की ती रक्कम मागोमाग येत नाही, लेखी मागावी लागते. मागितली तर चेक देतात किंवा धाकटीच्या नावावर फिरवतात. मी असते तर चेक मागितला असता आणि तो नव्या शाळेतल्या बाकीत भरला असता.